निर्बंधन एंझाइमे

निर्बंधन एंझाइमे : डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल, आनुवंशिक माहिती धारण करणारे अम्ल) या लांब रेणूतील क्षारकांचा ठराविक क्रम ओळखून त्या ठिकाणी अथवा त्याच्या आसपास तो रेणू तोडणाऱ्या जीवाणूंतील (सूक्ष्मजंतूंतील) प्रथिनांना निर्बंधन एंझाइमे म्हणतात. जीवाणूंच्या दृष्टीने ती संरक्षणाची साधने आहेत. जनुकीय अभियांत्रिकीत मात्र त्यांचा उपयोग अत्यंत अचूक कात्रीसारखा होतो. या कात्रीचे वैशिष्ट्य तिच्या धारेपेक्षा तिच्या पारखीत आहे. क्रमातील एक जरी क्षारक बदलला, तरी एंझाइम त्या ठिकाणी छेद घेत नाही. त्यामुळे छेद जितका उपयोगी, तितकेच छेद न होणेही उद्बोधक ठरते. मानवी इन्शुलिनाच्या निर्मितीपासून दात्रकोशिका पांडुरोगाच्या (सिकलसेल आजाराच्या) निदानापर्यंत, तसेच रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा यांसारख्या तालुक्यांतील खार जमिनींना उपयोगी पडेल अशा भाताच्या संशोधनापर्यंत, सर्वत्र याच एका गुणधर्माचा उपयोग केलेला आढळतो.

ऐतिहासिक आढावा : जीवाणुभक्षी व्हायरस जीवाणूच्या एका वाणावर जोमाने वाढतात, परंतु त्याच जातीच्या दुसऱ्या वाणावर त्यांची वाढ अत्यल्प होते, असे १९५२-५३ च्या सुमारास साल्व्हादोर लुरिया, जूझेप्पे बेर्तानी व इतर शास्त्रज्ञांना आढळून आले. दुसऱ्या वाणाने व्हायरसाच्या वाढीवर घातलेल्या या बंधनामुळे ‘निर्बंधन’ ही संज्ञा रूढ झाली. स्वित्झर्लंडमधील व्हेर्नर आर्बर यांनी १९६२ च्या सुमारास दाखवून दिले की, या प्रकारात व्हायरसाचा डीएनए जीवाणूच्या कोशिकेत शिरताच तोडला जातो. जीवाणूचा स्वतःचा डीएनए मात्र अबाधित राहतो. याचे कारण असे की, ज्या क्रमाच्या ठिकाणी छेद होऊ शकेल, त्या क्रमातील विशिष्ट क्षारकाला जीवाणू मिथिल गट जोडून ठेवतो. मिथिल गट असलेला क्रम एंझाइमास ‘आपला’ व नसलेला ‘परका’ ठरतो.

अमेरिकेतील हॅमिल्टन स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी या जीवाणूपासून ठराविक क्रमाच्या ठिकाणीच छेद घेणारे एंझाइम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९७१ मध्ये कॅथलीन डॅना व डॅन्येल नेथन्स यांनी त्याच्या साहाय्याने एसव्ही-४० या व्हायरसाच्या डीएनएचे ११ तुकडे केले. हे तुकडे मूळ रेणूत कोणत्या क्रमाने बसतात हे पुढे निश्चित करण्यात आले आणि डीएनएचा नकाशा तयार करण्याची पद्धत उदयास आली. आर्बर, नेथन्स व स्मिथ यांना १९७८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

प्रकार व नामकरण : या एंझाइमांचे मुख्यत्वे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारातील एंझाइमे क्रम एके ठिकाणी ओळखतात व छेद मात्र दूरवर, अनिश्चित ठिकाणी घेतात. तिसऱ्या प्रकारातील एंझाइमे ओळखीच्या क्रमापासून सुमारे २५ क्षारकांच्या अंतरावर छेद घेतात. दुसऱ्या प्रकारातील एंझाइमांचा छेद सामान्यतः ओळखलेल्या क्रमातच व नेमक्या जागी होतो; म्हणून प्रयोगशाळेत प्रामुख्याने हीच वापरली जातात. नाव देताना जीवाणूच्या प्रजातीचे पहिले व जातीची पहिली दोन अक्षरे घेऊन त्यांपुढे वाणाची खूण व शोधाचा अनुक्रमांक लिहितात. उदा., एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूच्या आर वाणात सापडलेले पहिले एंझाइम ‘इको आर-१’ या नावाने ओळखले जाते.

ओळखीचा क्रम : डीएनएचा रेणू एकमेकांभोवती पीळ घातलेल्या दोन सरांचा असतो. सरांवर ॲडेनीन (ॲ), थायमीन (था), ग्वानीन (ग्वा) व सायटोसीन (सा) हे चार क्षारक असतात. एका सरातील ‘ॲ’ समोर दुसऱ्यात नेहमी ‘था’ व ‘ग्वा’ समोर ‘सा’ येतो. दोन्ही सरांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. इको आर-१ हे एंझाइम पुढील क्रम ओळखते :

५′ – ग्वा ॲ ॲ था था सा – ३′
३′ – सा था था ॲ ॲ ग्वा – ५′

वरचा सर डावीकडून उजवीकडे व खालचा उजवीकडून डावीकडे वाचला असता दोन्हींत एकच क्रम मिळतो. ‘नवजीवन’ हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो, त्या प्रकाराशी याचे साम्य आहे; फरक इतकाच की, येथे उलटे वाचन समोरच्या सरावर करावयाचे असते. या सममितीला अर्थ आहे. इको आर-१ चा रेणू दोन एकसारख्या उपघटकांचा बनलेला असतो. तो डीएनएला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो व प्रत्येक उपघटक एकेका सरावर काम करतो. दोघांनाही सारखाच क्रम समोर यावा लागतो.

एखादा क्रम किती वेळा आढळेल, हे त्याच्या लांबीवर अवलंबून असते. चारही क्षारक सारख्या प्रमाणात व यदृच्छया विखुरलेले आहेत असे धरल्यास चार क्षारकांचा ठराविक क्रम सरासरी २५६ क्षारकांमागे एकदा, सहांचा ४,०९६ क्षारकांमागे एकदा व आठांचा ६५,५३६ क्षारकांमागे एकदा येईल. भाताच्या १२ गुणसूत्रांच्या संचात सुमारे ३८.९ कोटी क्षारक-जोड्या आहेत. या हिशेबाने इको आर-१ भाताच्या डीएनएचे सुमारे ९५ हजार तुकडे करील. प्रत्यक्षात क्षारकांचे प्रमाण सारखे नसल्याने ही संख्या कमीअधिक होते.

छेदाची क्रिया : एंझाइम प्रथम डीएनएला कोठेही सैलसर चिकटते व त्याच्यावरून सरकत, मधूनच सुटून पुन्हा चिकटत, योग्य क्रमाचा शोध घेते. तो क्रम सापडताच एंझाइमाचा आकार बदलतो, डीएनएला त्या जागी बाक येतो व एंझाइमातील ॲमिनो अम्ले क्षारकांच्या कडांशी नेमके हायड्रोजन बंध जुळवितात. सर्व बंध जुळले तरच विक्रियेचे केंद्र कार्यक्षम होते. एक क्षारक जरी वेगळा असला, तरी छेदाची त्वरा लक्षावधी पटींनी घटू शकते. छेद होतो तो साखर व फॉस्फेट यांच्या कण्यावर. मॅग्नेशियम आयनाच्या मदतीने सक्रिय झालेला पाण्याचा रेणू फॉस्फरसावर आघात करतो आणि बंध तुटून एका टोकास फॉस्फेट गट व दुसऱ्या टोकास हायड्रॉक्सिल गट राहतो. म्हणूनच विक्रियेच्या मिश्रणात मॅग्नेशियम लवण नसेल, तर एंझाइम डीएनएला चिकटले तरी छेद होत नाही. इको आर-१ साठी ३७° से. तापमान अनुकूल असते. मिश्रणात ग्लिसरीन फार झाले वा अम्ल-क्षारतेचा तोल ढळला, तर मात्र ते जवळपासच्या चुकीच्या क्रमांवरही छेद घेऊ लागते. त्यामुळे प्रयोगात मिश्रणाचे प्रमाण काटेकोरपणे पाळावे लागते.

इको आर-१ प्रत्येक सर ‘ग्वा’ व ‘ॲ’ यांच्यामध्ये तोडते. दोन्ही सरांवरील छेद समोरासमोर न येता चार क्षारकांच्या अंतराने पडतात. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी ‘ॲ ॲ था था’ हा एकेरी भाग लोंबत राहतो. अशा टोकास ‘चिकट टोक’ म्हणतात, कारण तसेच दुसरे टोक भेटले की क्षारकांच्या जोड्या पुन्हा जुळू शकतात. काही एंझाइमे दोन्ही सर समोरासमोर तोडतात. अशा छेदापासून ‘बोथट टोके’ मिळतात. स्मा-१ हे एंझाइम या प्रकारचे आहे.

तुकड्यांची जोडणी : चिकट टोकांचे महत्त्व असे की, ती कोणत्या जीवापासून आली याला काही अर्थ राहत नाही. माणसाचा, कपाशीचा व जीवाणूचा डीएनए एकाच एंझाइमाने तोडला असता सर्वांची टोके सारखी असतात. मात्र चार क्षारकांचे जुळणे दुबळे असते व थोड्याशा उष्णतेने ते सुटते. कायमच्या जोडणीसाठी लायगेज हे एंझाइम तुटलेला कणा सांधते. पंजाबातील रायपूर येथे जन्मलेले हरगोविंद खोराना यांनी अमेरिकेत कृत्रिम जनुकाच्या संश्लेषणात याच एंझाइमाने लहान तुकडे जोडले होते. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोएन, हर्बर्ट बॉयर व त्यांचे सहकारी यांनी इको आर-१ ने तोडलेला परका तुकडा प्लास्मिडात (जीवाणूतील लहान वर्तुळाकार डीएनएमध्ये) बसवून तो एश्चेरिकिया कोलाय जीवाणूत घातला. जीवाणू वाढला, तसतशा त्या तुकड्याच्या प्रतीही वाढत गेल्या. जनुकीय अभियांत्रिकीचा पाया येथे घातला गेला. अशा प्रयोगांतील संभाव्य धोक्यांचा विचार करण्यासाठी फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली. भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली १९८९ मध्ये यासंबंधीचे नियम करण्यात आले.

या तंत्राने जीवाणूत तयार केलेले मानवी इन्शुलीन १९८२ मध्ये अमेरिकेत वापरास मान्य झाले. यकृतशोथ-ब या रोगावरील लशीसाठी व्हायरसाच्या पृष्ठावरील प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालतात; अशी लस पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. बॅसिलस थुरिंजेन्सिस या जमिनीतील जीवाणूचे कीटकनाशक जनुक घातलेल्या जालना येथील महिको कंपनीच्या संकरित कपाशीस मार्च २००२ मध्ये लागवडीची परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीत या प्रथिनास दाद न देण्याची क्षमता निर्माण झाल्याने एकाच जनुकावर विसंबण्याच्या मर्यादाही दिसून आल्या.

तुकडे वेगळे करणे व रोगनिदान : तोडलेला डीएनए ॲगरोज या समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या थरात ठेवून विद्युत् प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण विद्युत् भार असल्याने तुकडे धनाग्राकडे सरकतात. लहान तुकडे पुढे जातात व मोठे मागे राहतात. १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी हे तुकडे पटलावर उतरवून त्यांतील हवा तो तुकडा खूण केलेल्या पूरक डीएनएने शोधण्याची पद्धत बसविली.

एका क्षारकाचा फरक या रीतीने कसा दिसतो, याचे उत्तम उदाहरण दात्रकोशिका पांडुरोग हे आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली इ. जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा रोग आढळतो. रक्तातील हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ‘ॲ’ च्या जागी ‘था’ आल्याने तो होतो. निरोगी जनुकात त्या जागी ‘सा सा था ग्वा ॲ ग्वा ग्वा’ हा क्रम असून एमएसटी-२ हे एंझाइम तो तोडते. सदोष जनुकात ‘ॲ’ नसल्यामुळे छेद होत नाही. परिणामी निरोगी जनुकापासून सुमारे १,१५० व सदोष जनुकापासून सुमारे १,३५० क्षारक-जोड्यांचा तुकडा मिळतो. दोन्ही तुकडे दिसले तर ती व्यक्ती वाहक असते. फक्त मोठा दिसला तर रोगी असते. १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाल्यानंतर गर्भावस्थेतच निदान करणे सुकर झाले. येथे कोणताही जनुक बदललेला नाही. एंझाइमाने केवळ वाचन केले आहे.

खार जमिनींतील भात : वाचनाचा हाच उपयोग वनस्पतींच्या बाबतीतही होतो. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात अंबा नदी धरमतरच्या खाडीस व रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याच्या खाडीस मिळते. या खाड्यांच्या पट्ट्यात समुद्राच्या भरतीचे पाणी बांध घालून अडविलेल्या खार जमिनी आहेत. पूर्वी अशा जमिनींस ‘शिलोत्री’ म्हणत. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी उघाडीवाटे (झडपेच्या दारातून) बाहेर जाते व त्याबरोबर जमिनीतील मीठ धुऊन निघते. म्हणून येथे पावसाळी भात पिकतो. परंतु बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, तर त्या वर्षीचे पीक जाते आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पिकासही बाध येतो. या बांधांच्या व्यवस्थेसाठी १९४८ व १९७९ मध्ये खास कायदे करण्यात आले.

भाताचे पीक मिठाला नाजूक असते. जमिनीतील द्रावणाची विद्युत् संवाहकता सुमारे ३ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेल्यावर त्याचे उत्पन्न घटू लागते. रोपावस्था व फुलोरा या दोन अवस्थांत ते विशेष नाजूक असते. पावसाने ओढ दिल्यास आवणीनंतरची कोवळी रोपे करपतात. काळा रता व भुरा रता हे कोकणातील तांबड्या तांदळाचे जुने वाण मात्र खारात तग धरतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे खारास सहनशील वाण विकसित केले. पारंपरिक पद्धतीने अशी निवड करावयाची, तर संकरित संतती खाऱ्या जमिनीत वाढवून कोणती तगते हे हंगामागून हंगाम पाहावे लागते. शिवाय त्याच शेतात जागोजागी मीठ कमीजास्त असल्याने निवड फसण्याचा संभव असतो.

निर्बंधन एंझाइमांनी या कामी वेगळी वाट दाखविली. निरनिराळ्या वाणांच्या डीएनएत छेदाच्या जागा थोड्या वेगळ्या असल्याने तुकड्यांच्या लांबीतही फरक पडतो. हा फरक आनुवंशिक असतो व गुणसूत्रावरील खुणेच्या दगडासारखा वापरता येतो. १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सुझन मकाउच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५ खुणांचा भाताचा पहिला नकाशा या पद्धतीने प्रसिद्ध केला. पुढे आलेल्या सुधारित पद्धतीत डीएनए इको आर-१ या क्वचित् छेद घेणाऱ्या व एमएसई-१ या वारंवार छेद घेणाऱ्या एंझाइमांनी एकदमच तोडतात, टोकांना ज्ञात क्रमाचे छोटे तुकडे जोडतात व त्यांतील निवडक तुकड्यांच्या पीसीआर (पॉलिमरेज शृंखला विक्रिया) पद्धतीने असंख्य प्रती काढतात. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ग्लेन ग्रेगोरिओ यांनी केरळच्या किनाऱ्यावरील ‘पोक्कळी’ या सहनशील व आयआर-२९ या नाजूक वाणाच्या संकरित संततीवर ही पद्धत वापरली. १९९७ मध्ये त्यांना असे आढळले की, रोपावस्थेतील सहनशीलतेशी निगडित असा महत्त्वाचा भाग पहिल्या गुणसूत्रावर आहे. या भागास ‘सॉल्टॉल’ हे नाव मिळाले. बंगालमधील ‘नोना बोकरा’ या वाणाच्या अभ्यासावरून २००५ मध्ये याच भागातील एका जनुकाचे कार्य उलगडले : त्याचे प्रथिन मुळांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम परत काढून घेते, त्यामुळे पानांत मीठ साचत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून त्यात हा भाग आला आहे की नाही हे रोप खारात न लावताच ठरविता येते. येथे परका जनुक घातला जात नाही. भाताचाच गुण भातात संकराने आणला जातो व एंझाइमांनी दाखविलेल्या खुणा केवळ निवड सोपी करतात. मात्र सॉल्टॉलचा परिणाम मुख्यतः रोपावस्थेपुरता आहे. फुलोऱ्यातील सहनशीलता इतर अनेक जनुकांवर अवलंबून असते. खांड पडून समुद्राचे पाणी शेतात उभे राहिले, तर कोणताच वाण पुरा पडत नाही. पेण व रोहा भागांतील शेतकऱ्यास भक्कम बांध व सहनशील बी या दोहोंचीही गरज राहतेच.

सद्यःस्थिती : भाताचा संपूर्ण क्षारकक्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, या आंतरराष्ट्रीय कार्यात भारताने अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भाग घेतला. क्षारकक्रम थेट वाचण्याच्या पद्धती स्वस्त झाल्याने खुणा शोधण्यासाठी निर्बंधन एंझाइमांचा उपयोग पुष्कळ कमी झाला आहे. जनुकांच्या जोडणीच्या कामात मात्र ती अद्याप नित्य वापरात आहेत. २०१२ मध्ये पुढे आलेल्या क्रिस्पर-कॅस-९ या साधनाने छेदाची जागा संशोधकास स्वतः ठरविता येऊ लागली, कारण त्यातील प्रथिनास आरएनएचा लहान मार्गदर्शक रेणू वाट दाखवितो. या पद्धतीने संपादित केलेला व दुष्काळ आणि क्षार सहन करू शकणारा ‘पुसा डीएसटी राइस-१’ हा भाताचा वाण मे २०२५ मध्ये भारतात जाहीर करण्यात आला. क्रिस्परही मुळात व्हायरसापासून बचाव करण्याची जीवाणूंचीच योजना आहे. आपला डीएनए कोणता व परका कोणता हे ओळखण्यासाठी जीवाणूंत उत्क्रांत झालेल्या या दोन पद्धती मानवाने डीएनएचे वाचन व जोडणी करण्यासाठी वापरात आणल्या आहेत.